पुढील तपास सुरू आहे

खुनाची बातमी कशी संपते, हे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. 'पुढील तपास ठाणेदारांच्या मार्गदर्शनात सुरू आहे.' पुसदचा खून असो, वणीची घरफोडी असो, की घाटंजीच्या बसस्टँडवरून गेलेली मोटारसायकल असो, शेवटचं वाक्य हेच. त्या वाक्यानंतर काय झालं, हे मला उभ्या आयुष्यात कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या जागी सोयाबीनचे भाव असतात.

इंग्रजी पोलिसी कादंबऱ्यांच्या नादी मी लागलो तो या वाक्यापायी. आपली बातमी जिथे थांबते, तिथे त्यांचं दुसरं प्रकरण सुरू होतं. मग साडेतीनशे पानं नुसता पुढील तपास! चाळीस दारं ठोठावायची, निळ्या गाड्यांची यादी करायची, त्यातल्या अर्ध्या खोडायच्या, मेलेल्या बाईच्या धोब्याची पावती तपासायची, साहेबाची बोलणी खायची आणि परत चाळीस दारं. पेपरातल्या त्या एका वाक्याची बाकी कोणी तरी फेडतंय, असं वाचताना वाटत राहतं.

लहानपणी आम्हीही बाबूराव अर्नाळकरच वाचले. हजारावर पुस्तकं त्या माणसाने लिहिली. झुंजार आणि काळापहाड ही आमची दैवतं होती. पण झुंजारने कधी एखादी टिपणी लिहून वर पाठवल्याचं, आवकजावक क्रमांक टाकल्याचं मला आठवत नाही. पोलीस यायचे ते शेवटच्या पानावर, बेड्या घेऊन. शेरलॉक होम्सकडेही तीच गत. स्कॉटलंड यार्डचा लेस्ट्रेड बिचारा चुकण्यासाठीच पगार घेत होता. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला असल्या कथा एका वयानंतर पचत नाहीत. कागदाशिवाय काम झालं म्हणजे नक्की कुठे तरी पाणी मुरतंय, हा आमचा पहिला संशय.

कॉलिन डेक्स्टरचा इन्स्पेक्टर मॉर्स मला नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर भेटला. ऑक्सफर्डचा हा पोलीस शब्दकोडी सोडवतो, वाग्नरचं संगीत ऐकतो, व्याकरणाच्या चुका काढतो आणि प्रेत पाहिलं की त्याला मळमळतं. म्हणजे हुशार साहेब असतो तसाच. त्याच्या हाताखालचा सार्जंट लुइस सगळं काम करतो, घरी बायको जेवण झाकून वाट बघते, आणि संध्याकाळी पबात साहेबाच्या बिअरचे पैसेही बहुतेक वेळा तोच भरतो. हे वाचलं आणि मी पुस्तक छातीशी धरलं. तहसील कार्यालयात कैक वर्षं साहेबांच्या चहाचे पैसे भरलेल्या माणसाला ऑक्सफर्ड काही परकं राहत नाही.

मग व्यसनच लागलं. रूथ रेंडेलचा वेक्सफर्ड आला, पी. डी. जेम्सचा कविता लिहिणारा डॅलग्लिश आला, इयान रँकिनचा एडिंबराचा रीबस आला. रीबस मी मे महिन्यात वाचतो. पारा चव्वेचाळीसवर, कुलरमधलं पाणी संपलेलं, नळ कधी येणार ते देवाला माहीत, आणि हा लेकाचा पानोपानी पावसात भिजतोय, वर कुरकुरतोय. विलायती पोलिसाला पाऊस दिसला की त्याला जुनी दुःखं आठवतात. आम्हाला पाऊस दिसला की बियाण्याच्या बॅगांचे भाव आठवतात. तरी त्याच्या थंडीने खोली दोनेक अंशांनी उतरते, हा माझा अनुभव आहे. वीजबिलाच्या मानाने पुस्तक स्वस्त पडतं.

फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स हा आणखी जुना. मुळात रेल्वेत इंजिनियर. त्याचा इन्स्पेक्टर फ्रेंच १९२४ साली पुस्तकात आला आणि तेव्हापासून खुन्यांची वेळापत्रकं तपासत बसला. अमुक गाडी अमुक स्टेशनात इतक्या वाजून इतक्या मिनिटांनी, म्हणून आरोपी तिथे असूच शकत नाही. मग फ्रेंच स्वतः त्या गाडीत बसणार, घड्याळ लावणार आणि कुठली तरी तीन मिनिटं शोधून काढणार. हे वाचताना मला आमची शकुंतला आठवते. किलिक-निक्सन या विलायती कंपनीची ही नॅरोगेज गाडी यवतमाळहून मूर्तिजापूरला जायची. मँचेस्टरमध्ये घडवलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. क्रॉफ्ट्सला या गाडीत बसवलं असतं तर त्याने लेखणी खाली ठेवली असती. लाडखेडला गाडीतून उतरायचं, शेतात जाऊन शांतपणे खून करायचा, विहिरीवर हातपाय धुवायचे, आणि दारव्हा मोतीबागच्या आत तीच गाडी पुन्हा पकडायची. सगळा डबा शपथेवर सांगेल की हे गृहस्थ यवतमाळपासून इथेच बसून होते. शकुंतलेच्या भरवशावर कोणी खून केल्याचं ऐकिवात नाही, हा वऱ्हाडी माणसाचा चांगुलपणा.

शेजारी एक निवृत्त हेड कॉन्स्टेबल राहतात. सगळी आळी त्यांना जमादार म्हणते, मीही म्हणतो. सकाळी चहाला येतात. मी त्यांना आदल्या रात्रीचा तपास मराठीत सांगतो आणि ते त्याची चिरफाड करतात. पहिल्याच दिवशी मॉर्सने घटनास्थळ पाहिलं तिथे त्यांनी मला अडवलं.

"पंच कुठी हायेत?"

"पंच नसतात तिकडे."

"पंच नाई? मंग पंचनामा कोनाच्या सहीनं केला बाप्पा?"

या प्रश्नाला डेक्स्टरकडे उत्तर नाही. पंच मिळवणं म्हणजे काय, हे त्याला माहीतच नव्हतं. आमच्याकडे जीप थांबली की पानठेला एका क्षणात रिकामा होतो. पेटती विडी तेवढी मागे राहते. एखादा भोळा सापडला तर सही करतो आणि पाच-सात वर्षांनी कोर्टात सांगतो की सही माझी आहे, पण कागद कोरा होता. नापिकीच्या पंचनाम्याला मात्र याच गावात पंच कमी पडत नाहीत. बोंडअळीच्या साली तलाठ्याच्या मागे अख्खं गाव शेत दाखवायला निघालं होतं. मॉर्सच्या गावी उलटं. तिथे कोणाला काही माहीत नसतं, तरी सगळे बोलतात. दार उघडतात, खुर्ची देतात, चहा करतात आणि मंगळवारी रात्री कुत्रं किती वाजता भुंकलं ते सांगतात. इथे सगळ्यांना सगळं माहीत असतं, फक्त त्या दिवशी प्रत्येक जण सासुरवाडीला गेलेला असतो.

जमादारांना दुसरा धक्का बसला तो चौकशीच्या खोलीत. इंग्लंडात १९८४ च्या कायद्यानंतर ही चौकशी टेपवर घेऊ लागले. इन्स्पेक्टर आधी यंत्राला तारीख, वेळ आणि हजर माणसांची नावं सांगतो. आरोपीशेजारी वकील असतो. मध्येच चहा येतो.

जमादार बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग थो कबूल काहून करते?"

मी म्हणालो, "पुराव्यापुढे हरतो."

"असं," ते म्हणाले, आणि त्यांनी जो चेहरा केला त्याचं वर्णन मी नोकरीत असतो तर कागदावर आणलं नसतं.

पण त्यांनी मला गाठलं ते शेवटच्या प्रकरणात. इन्स्पेक्टर सगळे धागे जुळवतो, आरोपी मान खाली घालतो आणि कबुली देतो. मी पुस्तक मिटलं. जमादार म्हणाले, "कलम पंचवीस."

खरंच की! पोलिसाजवळ दिलेली कबुली आपल्या कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. आणि हे लिहून ठेवलं कोणी? इंग्रजांनीच. विल्की कॉलिन्सने १८६८ साली गुलाबांचा शौकीन सार्जंट कफ वाचकांपुढे आणला, त्याच्या चारच वर्षांनी जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या त्यांच्या कायदेपंडिताने रचलेला पुरावा कायदा आपल्याकडे लागू झाला. स्वतःच्या घरी पोलिसाला दिलेली कबुली त्यांनी पुराव्यात ठेवली आणि आपल्या पोलिसापुरती दारं लावून घेतली. म्हणजे इंग्लंडातल्या निम्म्या कादंबऱ्यांचे खुनी यवतमाळच्या सेशन कोर्टातून संध्याकाळच्या बसने घरी जातील. आता नव्या कायद्यात त्या कलमाचा आकडा तेवीस झाला आहे, पण जमादारांना हे सांगण्याची माझी हिंमत नाही.

इतक्या त्रुटी काढूनही ते रोज येतात. मॉर्समध्ये त्यांना फारसा रस नाही. जीव अडकलाय तो लुइसमध्ये. परवा मी त्यांना सांगितलं की पहिलं पुस्तक १९७५ चं, तेरावं आणि शेवटचं १९९९ चं, आणि लुइस आरंभी सार्जंट होता तो शेवटीही सार्जंटच.

"चोवीस वर्ष?" जमादारांनी कप खाली ठेवला. "अन् बढती नाई? त्याचा गोपनीय अहवाल कोनं खराब केला?"

"मॉर्सने नसावा. त्याचा जीव होता त्याच्यावर."

"जीव सगळ्यांचाच रायते. कागदावर काय लिवलं ते सांगा." मग बोटं मोजत म्हणाले, "आश्वासित प्रगती. आमच्या टायमाले बारा वर्षानं पयला लाभ, चोवीस वर्षानं दुसरा. दोन्ही बुडवले गरिबाचे. वर बिअरचे पैसे."

काल ते फूलस्केप घेऊनच आले. मसुदा मी करायचा, कारण अर्जाची भाषा मला येते. विषय, संदर्भ, दोन्ही लाभांची थकबाकी, बिअरचा खर्च वेगळ्या परिशिष्टात, इतकं झालंय. अर्ज वरिष्ठांमार्फतच जायला हवा यावरही आमचं एकमत आहे. प्रश्न एवढाच आहे की लुइसचे थेट वरिष्ठ मॉर्स, ते शेवटच्या पुस्तकात वारले. तेव्हा अर्ज चीफ सुपरिटेंडेंट स्ट्रेंज यांच्या नावे करावा, असं माझं मत. जमादार म्हणतात, स्ट्रेंजसाहेब फाइल दाबतील, एक प्रत परस्पर वर पाठवा.