खांद्याचे टक्के

कौंडण्यपुरातून रुक्मिणीला रथात घेताना श्रीकृष्णाचा खांदा निखळला असता, तर आजच्या मेडिकल बोर्डाने आधी विचारलं असतं: दुखापत सेवेमुळे, की खासगी कामात? सैनिकालाही हेच विचारतात. पुढचं गणित तर आणखी रंगतदार. निवृत्तीच्या वेळी खांदा १९ टक्के निकामी ठरला, तर अपंगत्वापोटी हातात शून्य. २० ठरला, तर ते ५० धरायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली राम अवतार खटल्यात सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांनाही हा हिशेब लागू केला. म्हणजे एका टक्क्याची किंमत पन्नास! हात किती अंश वर जातो, हे डॉक्टर मोजतात. म्हणून भाऊ, बोर्डासमोर तरी कडक सलाम ठोकू नका.