बुडीत खात्यातली कॉर्व्हेट

जाहिरातीत फोटो भरपूर होते आणि बहुतेक सगळे सूर्यास्ताच्या वेळी काढलेले होते. २००८ सालची लाल कॉर्व्हेट स्पोर्ट्‌स कार, सहाव्या पिढीची, ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन, ४३० हॉर्सपॉवर. किंमत बाजारभावाच्या जेमतेम निम्मी. अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : 'सॅल्व्हेज टायटल. मागून किरकोळ धक्का. चालायला झकास.' कोलंबसमधल्या त्या मराठी संगणक अभियंत्याने फक्त शेवटचे दोन शब्द वाचले.

गाडी होती केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनला, म्हणजे ओहायोतल्या त्याच्या घरापासून सव्वातीनशे मैलांवर. शनिवारी पहाटे मंडळी निघाली. तो, त्याची बायको आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले तिचे वडील. जावई त्यांना मामा म्हणतो. मामांची सगळी नोकरी एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये झाली. चासीवर बॉडी चढवताना आणि ठोकलेल्या बॉड्या उतरवताना त्यांनी इतकं पाहिलं आहे, की अमेरिकेतले चकाचक रस्ते बघूनही त्यांची नजर पुढच्या ट्रकचा मागचा ॲक्सल सरळ आहे का, यावरच असते.

"सॅल्व्हेज म्हणजे भंगार ना, जावईबापू?"

"भंगार नाही मामा. कागदोपत्री भंगार."

उत्तर तसं बरोबर होतं. गाडी ठोकली, बुडाली किंवा जळली आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीच्या ठरावीक प्रमाणापलीकडे गेला, की विमा कंपनी मालकाला पैसे देऊन गाडी ताब्यात घेते आणि मालकीच्या कागदावर, म्हणजे टायटलवर, सॅल्व्हेजचा शिक्का बसतो. हे प्रमाण मात्र ज्या त्या राज्याच्या मर्जीचं. केंटकीत ७५ टक्के, फ्लोरिडात ८०, टेक्सासात थेट १००. ओहायोत आकडाच नाही, दुरुस्ती परवडत नाही असं विमा कंपनीने म्हटलं की झालं. त्यामुळे एकच चेपलेली गाडी एका राज्यात मयत ठरते आणि दुसऱ्या राज्यात नुसती जायबंदी. आपल्याकडच्या आरसी बुकावर अशी नोंदच नसते, हे मामांनी वर अभिमानाने सांगितलं. त्यात अभिमान कसला, हे लेकीने विचारलं नाही.

सिनसिनाटीला ओहायो नदी ओलांडली की केंटकी लागतं आणि थोड्याच वेळात हायवेच्या कडेला फ्लॉरेन्स गावची उंच पाण्याची टाकी दिसते. १९७४ साली तिच्यावर 'फ्लॉरेन्स मॉल' अशी भलीमोठी अक्षरं रंगवली होती. मॉल तेव्हा बांधूनच झाला नव्हता आणि जागेवर नसलेल्या मॉलची हायवेवर जाहिरात नियमात बसेना. गावाने सगळी टाकी रंगवायचा खर्च वाचवला. इंग्रजी 'एम'चे दोन उभे पाय पुसले, राहिलेल्याचा 'वाय' केला, आणि टाकी तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला 'फ्लॉरेन्स, यॉल!' म्हणजे 'काय मंडळी!' म्हणते आहे. अभियंत्याला ही गोष्ट फार आवडली. बायको म्हणाली, "तुझ्या गाडीवरही असाच कुणीतरी थोडासा रंग मारलेला असणार." मोटारींच्या धंद्यात या कलेला टायटल वॉशिंग म्हणतात. डाग असलेली गाडी ढिल्या नियमांच्या राज्यात नेऊन नोंदवायची आणि कोरा कागद घेऊन परत आणायची. त्याला आळा घालण्यासाठी अमेरिकेने १९९२च्या वाहनचोरीविरोधी कायद्यान्वये देशभराच्या टायटलांची एक सामाईक नोंदवही उभारायला घेतली. गाडीचा सतरा अक्षरी व्हिन नंबर दिला की थोडक्या डॉलरांत जुने शिक्के समोर येतात.

"मग तू बघितलंस?" बायकोने विचारलं.

त्याने हॉटेलची खोली घेतली होती, म्युझियमची तिकिटं काढली होती, कॉर्व्हेटचं चिन्ह असलेली टोपीसुद्धा मागवली होती. ते थोडके डॉलर मात्र वाचवले होते.

लुईव्हिलनंतर रस्ता पासष्ट नंबरच्या हायवेला लागतो. उजवीकडे फोर्ट नॉक्स, जिथे अमेरिकेचं सोनं ठेवलेलं आहे. डावीकडे हॉजनव्हिल, जिथे अब्राहम लिंकन जन्मले. दोन्हीकडे जायला वेळ नव्हता. पुढे केव्ह सिटीजवळ झाडांतून एक डायनासोर डोकावतो, कारण तिथे सिमेंट-फायबरच्या डायनासोरांची बाग आहे. वाटेत कुठेतरी घड्याळ एक तास मागे जातं. अभियंत्याने याला शुभशकुन मानलं. "विचार करायला एक तास जास्त मिळाला," मामा म्हणाले.

बोलिंग ग्रीन हे कॉर्व्हेटचं पंढरपूर. १९८१पासून या गाड्या इथेच बनतात. कारखान्याजवळच नॅशनल कॉर्व्हेट म्युझियम आहे. १२ फेब्रुवारी २०१४च्या पहाटे या म्युझियमच्या गोल घुमटाखालची जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. हा सगळा प्रदेश चुनखडीचा, आतून पोखरलेला. मॅमथ केव्ह ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा इथून जवळच आहे. म्युझियममध्ये तेव्हा माणूस नव्हता म्हणून कुणाला इजा झाली नाही. सर्वांत आधी वर काढलेली निळी झेडआर-वन तर बाहेर आल्यावर चालू झाली आणि स्वतःच्या चाकांवर गेली. तीन गाड्या पुन्हा उभ्या केल्या. उरलेल्या पाच चुरगळलेल्या अवस्थेत तशाच मांडून ठेवल्या आहेत आणि लोक तिकीट काढून त्या बघतात. खड्डा पडल्यावर म्युझियमची गर्दी इतकी वाढली, की खड्ड्याचा काही भाग उघडाच ठेवायचा विचार झाला होता. खर्च झेपेना म्हणून अखेर बुजवला.

मामा त्या गाड्यांपुढे बराच वेळ उभे राहिले. त्यातल्या २००१च्या एका झेड-झिरो-सिक्सचा तर पापड झालेला आहे. "हिचं काहीच लपवलेलं नाही," ते म्हणाले. "कधी पडली, कुठे पडली, वर काय पडलं, सगळं लिहिलंय." या प्रवासातलं सर्वांत शहाणं वाक्य हेच होतं. अभियंता तेव्हा दुकानात चावीची साखळी निवडत होता.

विकणारा गृहस्थ गावाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये. गोड बोलणारा. लाल कॉर्व्हेट उन्हात अशी चमकत होती, की सासरे-जावई दोघेही क्षणभर गप्प झाले.

अभियंता तयारीने आला होता. रंगाखाली भरलेल्या लांबीवर (पुट्टीवर) लोहचुंबक चिकटत नाही, असं त्याने वाचलं होतं. म्हणून घरच्या फ्रिजवरचा अष्टविनायकाचा चुंबक खिशात. तो त्याने दारावर लावला, पडला. मडगार्डवर लावला, पडला. बॉनेटवर लावला, घरंगळत खाली. अख्खी गाडी लांबीचीच आहे की काय, या कल्पनेने त्याचा चेहरा उतरला. विकणारा हसून म्हणाला, की १९५३च्या पहिल्या गाडीपासून कॉर्व्हेटची बॉडी फायबरची असते. चुंबक कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या गाडीलाही चिकटणार नाही. दुसरा सल्ला होता, स्टेपनीच्या खळग्यात चिखल आहे का ते बघा. या गाडीत स्टेपनीच नसते, रनफ्लॅट टायर असतात. तिसरा सल्ला, हायवेवर चालवून बघा. सॅल्व्हेज टायटलची गाडी रस्त्यावर काढायला परवानगी नाही. तेव्हा ४३० घोड्यांनी अभियंत्याला अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत नेलं आणि परत आणलं.

मग मामा आत बसले. म्हणजे उतरत गेले. कॉर्व्हेटमध्ये बसणं ही जमिनीवर पंगतीला बसण्यासारखी क्रिया आहे. या पिढीच्या गाडीला दाराला आतून खिट्टी नाही, विजेचं बटण आहे. मामांनी दार लावलं, सीटखाली हात घातला, पट्टा पूर्ण बाहेर ओढला, वास घेतला आणि बाहेर यायला बटण दाबलं. दार ढिम्म. पुन्हा दाबलं. काच वाजवली. लेक "बाबा, बाबा!" करत धावली, विकणारा दुसऱ्या बाजूने. आपत्कालीन खिट्टी सीटच्या बाजूला जमिनीलगत असते, ती सापडेपर्यंत मामा शांत बसून होते. बाहेर आल्यावर त्यांनी पट्ट्याचं टोक जावयापुढे धरलं. एरवी गुंडाळलेल्या राहणाऱ्या भागावर पिवळसर मातीची सरळ रेघ होती.

"मागून धक्का बसला तर पट्ट्यात गाळ जात नाही, जावईबापू. ही बुडालेली आहे. कागद काढा."

अंगणात उभं राहून शेवटी ते डॉलर भरले गेले. फोनवर अहवाल उतरला : टेक्सास, सप्टेंबर २०१७, पूर. ऑगस्टअखेर हार्वे वादळाने ह्यूस्टन बुडवलं, तेव्हाची ही गाडी. त्या पुरातल्या हजारो गाड्या कॉलेज स्टेशनच्या टेक्सास वर्ल्ड स्पीडवेवर, म्हणजे शर्यतीच्या मैदानावर, नेऊन लावल्या होत्या. स्पोर्ट्‌स कार एकदाची रेसट्रॅकवर पोचली, पण टोचन करून.

मामांनी पुढचं समजावलं ते २६ जुलै २००५च्या मुंबईच्या हिशेबाने. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर बुडालेल्या गाड्या आठवड्याभरात चालू झाल्या आणि दिवाळीनंतर एकेक करून बंद पडल्या. पाणी जातं, जोडण्यांमधलं तांबं आतल्या आत कळकत राहतं. आणि या कॉर्व्हेटमध्ये दारं, दिवे, कुलपं सांभाळणारा संगणक शेजारच्या सीटच्या पायाशी गालिच्याखाली बसवलेला असतो, म्हणजे पाणी पहिलं शिरतं तिथेच. एअरबॅगची वायरिंगही त्याच पाण्यातून गेलेली.

विकणाऱ्याने भाव आणखी उतरवला. अभियंत्याची नजर पुन्हा लाल रंगाकडे गेली, तेव्हा बायकोने हिशेब मांडला. ट्रेलरचं भाडं. मग ओहायो हायवे पॅट्रोलची तपासणी, तिला बदललेल्या सुट्या भागांच्या पावत्या लागतात आणि तिचा रोख मुख्यतः चोरीचे भाग सापडण्यावर. गाडी रस्त्यावर दगा देणार नाही, याची हमी त्यात नाही. पुढे रीबिल्ट, म्हणजे दुरुस्त करून उभी केलेली, हा शिक्का कायमचा. बऱ्याच बँका अशा गाडीवर कर्ज देत नाहीत, बऱ्याच विमा कंपन्या गाडीच्या नुकसानीचा विमा उतरवत नाहीत, आणि विकायला काढली की समोरचाही असाच चुंबक घेऊन येतो. पावत्या आहेत का, असं तिने विचारलं. नव्हत्या. दुरुस्तीपूर्वीचे फोटो? तेही नव्हते.

गाडी घेतली नाही. निम्म्या किमतीची ती कॉर्व्हेट त्या कागदांसकट महागच होती, आणि फुकट दिली असती तरी मामांनी ती दापोडीच्या गेटातून आत घेतली नसती. कुणाला अशा गाडीचा मोह झालाच, तर निघण्याआधी घरबसल्या व्हिन नंबरचा अहवाल काढा, दुरुस्तीपूर्वीचे फोटो आणि सुट्या भागांच्या पावत्या मागा, आणि विमा एजंटाला एक फोन करा. एवढं करूनही बोलिंग ग्रीनला जायचं असेल तर जरूर जा. म्युझियम हायवेच्या अठ्ठावीस नंबरच्या एक्झिटला आहे.