विविधता वाढवा, काहीही न बदलता: नवशिक्या समितीप्रमुखांसाठी

अभिनंदन! स्वमग्न मुलांवर उपचार करणाऱ्या, अमेरिकेतल्या एका वर्तन विश्लेषण क्लिनिकच्या विविधता समितीचं प्रमुखपद आपल्या गळ्यात पडलं आहे. घाबरू नका. पुढच्या पायऱ्या क्रमाने पाळल्यास वर्षअखेरीस अहवाल जाडजूड होईल आणि क्लिनिक जसंच्या तसं राहील.

पूर्वतयारी: शास्त्र विसरा

माणूस असा का वागतो याचं उत्तर त्याच्या भोवतालात आणि वागण्याच्या परिणामांत शोधायचं, हा या शास्त्राचा पाया. बी. एफ. स्किनर यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. स्वमग्न मूल खुर्चीवर बसत नसेल, तर ‘हट्टी आहे’ म्हणून मोकळं होता येत नाही. आधी काय घडलं, नंतर काय मिळालं, हे तक्त्यात भरावं लागतं. हा नियम मुलांपुरता. समितीला लागू नाही.

पायरी १: दोष मनात शोधा

एक कार्यशाळा ठेवा. प्रत्येकाने आपले पूर्वग्रह चिठ्ठीवर लिहावेत, मग जेवण. वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाच्या २०२२ पासून लागू असलेल्या आचारसंहितेत, विश्लेषकाने स्वतःचे पूर्वग्रह तपासावेत असं कलम आहेच. ते फ्रेम करून लावा. ते व्यक्तीला उद्देशून आहे, तिजोरीला नाही, हा त्याचा मोठा गुण. एरवी मूल दर मिनिटाला किती वेळा हात फडफडवतं हेही आपण मोजतो, पण कार्यशाळेनंतर कुणाचं वागणं बदललं का, ते मोजू नका.

पायरी २: फोटो काढा

माहितीपत्रकासाठी मुलांसोबत प्रत्यक्ष काम करणाऱ्या तंत्रज्ञांना बोलवा. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो चेहरे तिथेच जास्त सापडतील. शालेय शिक्षण, चाळीस तासांचं प्रशिक्षण, एक परीक्षा, की झाले तंत्रज्ञ. मुलांचे चावे आणि लाथा खाण्याचा पहिला मान त्यांचा. उपचार आखणारे प्रमाणित विश्लेषक मात्र बहुतांश श्वेतवर्णीय. कुणी यावर बोट ठेवलंच, तर विश्लेषकांत दर दहांपैकी आठांहून अधिक स्त्रिया आहेत, हा आकडा पुढे करा. आकडा खरा आहे, आणि विषय बदलायला उत्तम.

पायरी ३: शिडी जागेवरून हलवू नका

तंत्रज्ञाला विश्लेषक व्हायचं तर पदव्युत्तर पदवी हवी, शिवाय देखरेखीखालचं सुमारे दोन हजार तासांचं काम. काही जणांना तर देखरेखीचे पैसेही पदरचे मोजावे लागतात. जिच्या घराचं भाडं दुसरं कुणी भरतं, तिला हे जमतं. जी क्लिनिकमधून निघून थेट दुसऱ्या नोकरीवर जाते, ती मध्येच गळते. गळाली की शेरा मारा: ‘चिकाटी कमी.’ (पाहा: हट्टी मूल.)

पायरी ४: भाषेचा प्रश्न घरच्यांवर सोडा

न्यू जर्सीतल्या मराठी घरातलं मूल आलं आणि त्याने आजीकडे ‘पाणी’ मागितलं, तर इंग्रजी तक्त्यात मागणी शून्य नोंदवा. मग आईवडिलांना सुचवा, घरी इंग्रजीच बोला. आजीचं काय, हे तक्त्यात विचारलेलं नाही. मुंबई-पुण्यात तयार झालेला मराठी विश्लेषक मदतीला असता तर बरं झालं असतं, असं कुणी म्हणेल. पण १ जानेवारी २०२३ पासून प्रमाणपत्र देणारं मंडळ मोजक्या देशांबाहेरच्या रहिवाशांचे नवे अर्ज घेत नाही. सांस्कृतिक जाणिवेवरची कार्यशाळा मात्र चालू ठेवा.

पायरी ५: इतिहासाची घाई करू नका

१९७४ साली रेकर्स आणि लोवास यांचा एक लेख ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस’ने छापला. ‘मुलीसारखा’ वागणाऱ्या लहान मुलाला बक्षीस-शिक्षेने ‘मुलगा’ बनवण्याचा तो प्रयोग होता. त्याविषयी चिंता व्यक्त करणारं संपादकीय निवेदन २०२० साली आलं. आपल्या समितीच्या कामाचा वेगही तोच असू द्या. उपचारांतून गेलेले स्वमग्न प्रौढ काही सांगायला आले, तर त्यांना चहा द्या, मत देऊ नका.

सावधान!

पुढच्या गोष्टी चुकूनही करू नयेत: तंत्रज्ञांच्या शिक्षणाचा खर्च क्लिनिकने उचलणे, देखरेखीचे तास पगारी करणे, मुलाच्या घरची भाषा येणाऱ्याला जादा वेतन देणे, उपचारांची उद्दिष्टं ठरवताना स्वमग्न व्यक्तींना मताधिकार देणे, कोण आत आलं, कोण वर गेलं, कोण सोडून गेलं, याचा तक्ता दर तिमाहीला जाहीर करणे आणि संचालकांचा बोनस त्या तक्त्याला बांधणे.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत घातक. बक्षीस कशावर मिळतं हे बदललं, की माणसाचं मन वळण्याआधीच त्याचं वागणं वळतं. संचालकही याला अपवाद ठरणार नाहीत, अशी रास्त भीती आहे.