‘टेन्शन घेऊ नका’ हे औषध नव्हे

आईचं बीपी १७०/१०० निघालं. डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता गोळीचा डोस दुप्पट केला. म्हणाले, “मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका.” रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, “टेन्शन काय कुणी हौसेनं घेतं का रे?”

घरी तिची पिशवी उघडली. तळाशी एका डबीत अर्ध्या-अर्ध्या गोळ्या, सुरीनं नीट कापलेल्या. रोज घेतली की शरीराला सवय लागते, मग जन्मभर सुटत नाही, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. म्हणून अर्धी. बरं वाटलं त्या दिवशी तीही नाही. जी गोळी ती धड घेतच नव्हती, तीच दुप्पट झाली! “रोज घेता ना? कसली भीती वाटते का?” एवढं विचारायला मिनिटभर लागलं असतं.

मानसशास्त्राचं काम नेमकं इथे आहे. आपण ते वेड लागलेल्यांपुरतं ठेवलंय. बीपी, शुगर, तंबाखू, दारू यांत अर्धी लढाई रोजच्या सवयीशी असते, आणि सवय दटावून मोडत नाही. टीबीचंही तेच. साधा कोर्स ६ महिन्यांचा. पण ताप-खोकला त्याच्या कितीतरी आधी थांबतो, आणि तिथेच गोळ्या सुटतात.

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात वाट दाखवली. तज्ज्ञ पुरेसे नाहीत, म्हणून डॉक्टरकी न शिकलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशन शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. बेसुमार पिणाऱ्या पुरुषांसाठी जास्तीत जास्त ४ बैठका. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा या बैठकांनी जास्त जण सावरले.

मग आपण कशाची वाट बघतोय? आशाताई दारोदार जातातच. त्यांना हे शिकवा, आणि या कामाचे वेगळे पैसे द्या. फुकट राबवू नका.

आईबद्दल डॉक्टरांना सगळं सांगितलं. डोस जुनाच ठेवला. पाकीट आता चहाच्या डब्याला रबरबँडनं बांधलंय. तिचा सकाळचा चहा कधी चुकत नाही. महिन्यानं वरचं बीपी १३८ आलं.

तुमच्याही घरात कुणाच्या तरी गोळ्या चालू असतील. आज शेजारी बसा, न रागावता पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजा, आणि का उरल्या ते विचारा.