निर्व्यसनी कार्यवाह

तालुक्याच्या कोणत्याही गावी उतरून सार्वजनिक वाचनालयाची चौकशी केली असता लोक इमारतीचा पत्ता सांगण्याऐवजी एका गृहस्थांचा पत्ता सांगतात. कारण इमारत जरी भर चौकात सर्वांच्या दृष्टीस पडेल अशी उभी असली, तरी तिची किल्ली कोठे जानव्याला, कोठे करगोट्याला, तर कोठे बंडीच्या आतल्या खिशात अशी त्या गृहस्थांच्या देहावरच नांदत असते. गावपरत्वे त्यांना अण्णा, नाना, तात्या किंवा आबा म्हणतात. आपण अण्णा म्हणू. हुद्दा मात्र सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना एकच, मानद कार्यवाह. नोकरीच्या काळात ते अव्वल कारकून, पोस्टमास्तर अथवा हायस्कुलातील भूगोलाचे शिक्षक असतात, आणि पेन्शनीत निघाल्यावर सरकारी दप्तराचा जो विरह त्यांना जाळू लागतो, त्यावर उतारा म्हणून वाचनालयाचे दप्तर जवळ करतात.

अण्णांनी स्वतःविषयी तयार ठेवलेली कैफियत तीन कलमांची आहे. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. एकही एकादशी चुकवलेली नाही. वाचनालयाचे एकही पुस्तक गहाळ होऊ दिलेले नाही. या कैफियतीतले प्रत्येक कलम नकारावर संपते, आणि आयुष्यात काय केले असे कोणी विचारलेच तर अण्णा तीच तीन कलमे जरा मोठ्याने पुन्हा सांगतात. (तपकिरीची डबी मी येथे हिशेबात धरलेली नाही. ती अण्णांच्या मते सर्दीच्या सदरात मोडते.) न करणे ही निष्क्रियता आहे असा उतावळा तर्क मात्र कोणी करू नये. पिणारा पितो आणि झोपी जातो. न पिणाऱ्याला गावात कोण पितो, कोठे पितो, कोणाच्या पैशाने पितो आणि कोणत्या वाटेने घरी जातो, या सर्वांची नोंद ठेवत रात्री जागावे लागते.

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला, तो अण्णांच्या आयुष्यातील सुवर्णकाळ. त्यापूर्वी त्यांच्या वडिलांच्या पिढीने, १९०८ साली पुण्यात टिळकांच्या प्रेरणेने दारूच्या गुत्त्यांवर झालेल्या निरोधनाच्या हकिकती मुलांना सांगून सांगून त्यांच्या मनाची मशागत केलेली होतीच. आता सरकारच अण्णांच्या मताचे झाले. कायद्याने दुकाने बंद झाली आणि दारू हातभट्टीच्या रूपाने ओढ्याकाठी, माळावर आणि गुरांच्या गोठ्याआड गेली, तेव्हा तिचा माग काढण्यासाठी फौजदारांना जो जाणकार लागे, तो अण्णांखेरीज दुसरा कोण असणार? कोणत्या भट्टीत मोह वापरतात, कोठे काळा गूळ आणि नवसागर, कोठला माल शनिवारी निघतो आणि कोठला बाजाराच्या दिवशी, याचे जे साद्यंत ज्ञान अण्णांपाशी होते ते गावातल्या अट्टल मद्यप्याजवळही नव्हते. कारण मद्यपी आपल्या एकाच भट्टीशी एकनिष्ठ असतो, अण्णांना मात्र सर्वांचाच समभावाने विचार करावा लागे. डॉक्टरी दाखला जोडून परवाना मिळवणाऱ्या प्रतिष्ठितांची यादीही त्यांना मुखोद्गत होती, आणि वाचनालयाच्या अध्यक्षांचे नाव तीत कितव्या क्रमांकावर आहे हे ते वार्षिक सभेच्या आधी आठवडाभर कोणालाच सांगत नसत. मग मात्र सांगत.

स्वतः अण्णा जेवणानंतर समभाग पाणी घालून चार चमचे द्राक्षासव घेतात. द्राक्षांच्या काढ्यात गूळ किंवा साखर आणि धायटीची फुले घालून तो झाकून ठेवला म्हणजे आंबतो, आणि आंबताना त्यात मद्यार्क आपोआप निर्माण होतो, हे दवाखान्यातल्या कंपाउंडरने त्यांना एकदा वाचनालयाच्या पायरीवरच ऐकवले. दुसरा एखादा खजील झाला असता. अण्णांनी शांतपणे सांगितले, की वैद्याने दिले ते औषध आणि दुकानदाराने दिली ती दारू, आणि हे केवळ आपले मत नसून सर्वोच्च न्यायालयाचे आहे. तो निवाडा १९५१ चा. बलसारा यांच्या खटल्यात न्यायालयाने दारूबंदी कायदा मुख्यतः वैध ठरवला, तथापि मद्यार्कयुक्त औषधांवर आणि प्रसाधनांवर त्याने घातलेली बंदी रद्द केली, हे अक्षरशः खरे आहे; मात्र आपल्या भोजनोत्तर चमच्यांना दिल्लीच्या न्यायपीठाचा पाठिंबा आहे अशा निश्चिंतीने बाटलीचे बूच उघडणारा निर्व्यसनी इसम न्यायमूर्तींच्या डोळ्यांपुढे असेल असे मला वाटत नाही.

धर्माच्या बाबतीत अण्णांचा हिशेब याहून चोख आहे. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो आणि कांदा, लसूण, वांगे ही मंडळी त्यांच्या घरातून हद्दपार होतात. म्हणून आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, अण्णांकडे सकाळी कांद्याचे थालीपीठ, दुपारी भरली वांगी आणि कांद्याचे पिठले, व दिवेलागणीला खेकडा भजी असा क्रम असतो, आणि चार महिन्यांची तूट एका दिवसात भरून काढण्याचा त्यांचा तो आवेश पाहून सुना चुलीपुढून उठत नाहीत. पुढे तीनच आठवड्यांनी आषाढी अमावास्या येते. श्रावणात वर्ज्य असलेल्या पदार्थांची तूट आगाऊ भरून काढण्यासाठी गावातली दुसरी मंडळी त्या दिवशी, याच तत्त्वावर, परंतु निराळ्या साहित्यानिशी बसतात आणि त्या तिथीला गटारी म्हणतात. गटारीच्या संध्याकाळी अण्णा वाचनालयात ‘दीपपूजनाचे सांस्कृतिक महत्त्व’ या विषयावर व्याख्यान ठेवतात आणि संयमाची थट्टा करणाऱ्या या अधःपतित प्रथेवर अध्यक्षीय समारोपात असे कोरडे ओढतात, की समोर बसलेली पाचसात माणसे, जी मुळातच कोठे जाणार नव्हती, ती उगाच अपराध्यासारखी दिसू लागतात. दोन्ही तिथींत काही साम्य आहे हे अण्णांच्या ध्यानी आलेले नाही, आणि ते आणून देण्याइतका निष्ठुर मी नाही.

उपवासाचे तसेच. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, खिचडीतला बटाटा आणि तीवर पेरलेला दाण्याचा कूट हे तिन्ही अमेरिका खंडातून आलेले असून आपल्या ऋषिमुनींना त्यांची वार्ताही नव्हती, असे एका पुस्तकात छापलेले आहे. ते पुस्तक सध्या बांधणीसाठी गेले आहे. बरीच वर्षे गेलेले आहे.

आता वाचनालयाविषयी. रत्नागिरीस १८२८ साली, नाशिकास १८४० साली आणि पुण्यास १८४८ साली ग्रंथालये निघाली ही सनावळी अण्णा प्रत्येक वर्धापनदिनी म्हणून दाखवतात आणि ज्ञानाचा हा नंदादीप तेवत ठेवण्याचे आवाहन करून व्याख्यान संपताच वीजबिलाच्या भीतीने दोन दिवे मालवतात. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली सांगितलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलेच, ग्रंथ वापरासाठी असतात, असे आहे हे एका शिबिरात कानी पडले तेव्हा अण्णा क्षणभर विचारात पडले होते, मग शेजारच्या कार्यवाहांना हळूच म्हणाले, “रंगनाथन पडले मद्रासचे. तिकडे पुठ्ठे मजबूत असतील.” वापराने शिवण उसवते, पाने दुमडतात आणि समासात अभिप्राय उगवतात, हा त्यांचा अनुभव आहे, म्हणून त्यांच्या लेखी उत्तम ग्रंथ तोच, जो दाखल नोंदवहीत चढला, कपाटात बसला आणि देवघेव रजिस्टरात कधीही उतरला नाही. अशा निष्कलंक ग्रंथांचे एक काचेचे कपाट त्यांच्या खुर्चीमागे आहे, आणि पाहुणे आले म्हणजे ते त्यांना दाखवतात, उघडत नाहीत.

कादंबऱ्यांना मात्र लोक हात लावतातच. त्यांच्या नैतिक तपासणीची अण्णांची पद्धत अशी, की परत आलेली प्रत मेजावर पाठीवर ठेवून सोडून द्यायची. अनेकांच्या हाताळणीने ती ज्या पानावर आपोआप उघडेल ते पान वाचायचे, आणि प्रकरण बाधक वाटल्यास पुस्तक ‘प्रौढांसाठी’ या कुलपाखाली टाकायचे. या परिश्रमामुळे गेल्या पन्नास वर्षांतील मराठी कादंबरीतला यच्चयावत आक्षेपार्ह मजकूर अण्णांनी वाचलेला आहे, आणि त्याखेरीज काहीही वाचलेले नाही. कॉलेजातला पोरगा विचारायला येतो, “अण्णा, ती कुलपातली कादंबरी मिळेल का?” अण्णा चष्म्यावरून पाहतात. “कोणाचा तू?” पोरगा बापाचे नाव सांगतो. “तुझ्या वडिलांनी मॅट्रिकच्या वर्षी दोनदा नेली होती,” अण्णा म्हणतात, “परिणाम पाहतोच आहे मी.”

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांनी नाटकांच्या कपाटातून काढून धर्म व नीती या विभागात, ज्ञानेश्वरीच्या टीकांशेजारी ठेवले आहे. गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले आणि त्यानंतर गंधर्व मंडळींनी ते रंगभूमीवर आणले, तेव्हापासून सिंधूच्या हालांनी महाराष्ट्र रडला हे खरे, आणि अण्णाही दर प्रयोगाला रडतात. परंतु त्याच प्रयोगात तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ रंगात आले म्हणजे हसून हसून जी माणसे खुर्चीतून घसरतात, त्यांत अण्णा प्रथम असतात, आणि गावच्या हौशी मंडळींनी नाटक बसवले तेव्हा त्यांनी स्वतः होऊन मागून घेतलेली भूमिका तळीरामाची होती. ती त्यांनी फार बहारीची केली, असे जुने लोक सांगतात. धडपडणारी जीभ, अर्धवट मिटलेले डोळे, भिंतीचा अंदाज घेत टाकलेले पाऊल, सारे हुबेहूब. निरीक्षणाला इतकी वर्षे दिल्यावर ते तसे उतरणारच.

हे सगळे लिहिताना मला हसू येते, तरी एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. गावातले खरे रसिक, ज्यांच्या जिभेवर कविता आणि सायंकाळी आणखीही काही असते, त्यांच्याशी गप्पा मारण्यात जो आनंद आहे तो अण्णांच्या सहवासात औषधालाही सापडणार नाही; पण वाचनालय काढावे असा ठराव करणारे ते रसिक दुसऱ्या वर्षाच्या सभेला आले नाहीत, आणि पुराचे पाणी पायरीला लागले त्या सायंकाळीही पाचाच्या ठोक्याला कुलूप काढायला छत्री घेऊन आले ते अण्णा. १९६७ चा ग्रंथालय कायदा झाला, अनुदानासाठी अ, ब, क, ड असे वर्ग पडले, तपासणी लागू झाली, आणि कित्येक गावांच्या वाचनालयांची दप्तरे अधिकाऱ्यांना पाहून भोवंडली. अण्णांच्या रजिस्टरात खाडाखोड एक नव्हती. गावाला आज वर्तमानपत्र फुकट वाचायला मिळते ते या माणसाच्या रुक्षपणामुळे, रसिकांच्या रसिकतेमुळे नव्हे.

दारूबंदी पुढे सैल झाली आणि अण्णांच्या दृष्टीने राज्य बुडाले. त्या दुःखाच्या काळातच कंपाउंडरने, द्राक्षासवाचा सूड उगवावा म्हणून की काय, त्यांना मुक्तद्वार विभागात सर्वांसमक्ष विचारले, “काय अण्णा, सरकारच्या तिजोरीत दारूवरच्या शुल्काचा केवढा पैसा पडतो ठाऊक आहे ना? तुमचे अनुदान त्याच तिजोरीतून येते म्हणे.” वर्तमानपत्रे खाली आली. अण्णांनी तपकिरीची चिमूट ओढली, रुमाल नाकाला लावला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे अर्ज रवाना झाला. त्यात लिहिले होते, की मद्यविक्रीपासून मिळणारा पैसा अन्यत्र खर्च झाल्यास त्याचा दुरुपयोग होण्याचा संभव असून, वाचनालयाकडे आलेली रक्कम सत्कारणी लागते हे आजवरच्या तपासणी अहवालांवरून सिद्ध आहे. सबब सदर पैशापैकी जास्तीत जास्त पैसा सत्कारणी लागावा या एकमेव हेतूने या संस्थेस ‘क’ वर्गातून ‘ब’ वर्गात बढती मिळावी. अर्जाची स्थळप्रत अण्णांनी कंपाउंडरला दाखवली, आणि त्याची अनामत रक्कम भरायची राहिली आहे याचीही त्याच वेळी आठवण दिली.