एक्कावन्न टक्के

टेक्सासमधल्या आमच्या भाच्याची गाडी भर उन्हात उभी असते, कारण गॅरेजात विमान आहे. विमान म्हणजे तूर्तास एक शेपूट आणि दीड पंख. घरी बांधायच्या विमानाचे सुटे भाग किट म्हणून येतात, आणि शेपटीचं किट सहसा आधी मागवतात. शेपटीतच ज्याची हौस फिटते त्याचे पुढचे पैसे वाचतात. आमची भाचेसून याच आशेवर गप्प बसली होती.

मी गेलो पाहुणा म्हणून, दुसऱ्या दिवशी कामाला जुंपला गेलो. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून हवेची बंदूक चालवायची, दुसऱ्यानं पत्र्यामागे हात घालून पोलादाचा ठोकळा घट्ट धरायचा. ठोकळा माझ्याकडे. "मामा, हलू नका!" चेपून तयार होणारं डोकं रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद व्हायला हवं, आणि भाचा ते मापून बघतो. बिघडलं की ड्रिलनं काढायचं, पुन्हा ठोकायचं. बंदूक सटकली तर पत्र्यावर चंद्रकोरीसारखा वण उठतो. ही मंडळी त्याला 'स्मायली' म्हणतात. दुपारपर्यंत पत्र्यावर चार उठले, आमच्या दोघांच्या तोंडावर एकही नाही.

जेवताना कायदा कळला. तिकडे हौशी विमान म्हणून परवाना हवा, तर निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा मौजेखातर, स्वतः केलेलं असावं लागतं. बोलीभाषेत 'एक्कावन्न टक्के'. त्याचा पुरावा म्हणून भाचा नोंदवही लिहितो, फोटो काढतो.

"अरे, मग माझे रिव्हेट?"

"तुम्ही मजुरी घेतलीत का, मामा? नाही ना? मग चालतंय."

फुकट राबलेला मामा कायद्याला चालतो हे ऐकून परदेश एकदम घरच्यासारखा वाटला.

परत आल्यापासून मात्र मला जळीस्थळी एक्कावन्न टक्के दिसतात. शेजारच्या सहावीतल्या चिरंजीवांच्या चांद्रयानाला शाळेत पहिला नंबर मिळाला. आदल्या रात्री साडेअकराला बाबा थर्माकोल कापत होते, आई चंदेरी कागद चिकटवत होती आणि शास्त्रज्ञ घोरत होते. स्टेशनरीच्या दुकानात बोट दाखवण्याचं काम तेवढं त्यांनी जातीनं केलं. पीएचडीच्या प्रबंधांकडे वळणार होतो, पण आमच्या घरात दोन डॉक्टरेट आहेत. पुढे जाऊ.

भाच्याच्या त्या विमानात प्रवाशाला दिसेल अशी पाटीही लावावी लागते: हे हौशी माणसानं बांधलेलं आहे, नेहमीच्या विमानांचे सुरक्षेचे नियम हे पाळत नाही. शिवाय दाराजवळ निदान दोन इंची अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल'. आणि सहसा पहिले २५ किंवा ४० तास ठरलेल्या हद्दीत, प्रवासी न घेता उडवायचं. आमच्या नाक्यावरचा नवा पूलही असाच पहिला पावसाळाभर एकट्या कंत्राटदाराला वापरायला द्यावा. पाटीचा खर्च आम्ही वर्गणी काढून करू.

भाच्याला म्हटलं, तुझ्या किटचं कौतुक पुरे, आमच्याकडे किटही लागत नाही. कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. (आमच्या सोसायटीत गच्चीवर पापड वाळत घालायला अर्ज लागतो.) २०१६ साली ते खाली उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं. नोंदणी मिळाली २०१७ साली, उडवायचा परवाना २०१९ साली. विमानापेक्षा कागद जड.

"नोंदणी कोणत्या अक्षरांनी?" भाच्यानं विचारलं. या लोकांना असल्या तपशिलात रस.

"व्हीटी-एनएमडी. कृतज्ञता म्हणून. नरेंद्र, मोदी, देवेंद्र."

फोनवर थोडा वेळ फक्त कॉम्प्रेसरची घरघर ऐकू आली.

"मामा, यांनी रिव्हेट किती ठोकले?"