लाजाळूपणाचे प्रात्यक्षिक

बी.ए.ला मानवशास्त्र घेतलेल्या पोराला पहिला प्रश्न ठरलेला: "याने नोकरी कुठे लागते?" कर्नाटकच्या जोयडा तालुक्यातल्या कुणब्यांना विचारा. जमात ठरायलाच मानवशास्त्र लागते, नोकरीचे नंतर.

१९६५ च्या लोकूर समितीने अनुसूचित जमातीचे पाच निकष सांगितले: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपणा, इतरांशी संपर्काचा लाजाळूपणा आणि मागासलेपण. अनमोड घाट उतरून गोव्यात गेलात, की कुणबी २००३ पासून अनुसूचित जमात. घाटमाथ्यावर काळी नदीच्या जंगलात कंद पिकवणारे कुणबी मात्र अजून अर्जदार. संस्कृती चेकनाक्यावर बदलते, हा सिद्धांत अद्याप पाठ्यपुस्तकात आलेला नाही. प्रशासनाला तो तोंडपाठ आहे.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, प्रात्यक्षिकाला हा प्रश्न घ्या. अर्जदाराने मोर्चा काढला, निवेदन दिले, मंत्र्यांना गाठले, तर तो लाजाळू कसा? आणि लाजून घरीच बसला, तर त्याची मागणी आहे हे कळणार कोणाला? दोन्ही उत्तरांना शून्य गुण. फेरतपासणीसाठी अर्ज करता येईल, पण लाजत लाजत करावा.